बारशाची राई

करवळीचा डोंगर खालून पाहिला की नवखा माणूस हटकून विचारतो, हा असा अर्धाच का झाकलेला? खिंडीच्या अलीकडची बाजू गच्च झाडीची, भरदुपारी आत शिरलं तरी डोळे सरावायला वेळ लागतो. पलीकडची बाजू उघडी, नुसतं गवत आणि कातळ. दोन्हींच्या मधोमध, राईच्या अगदी शेवटच्या झाडाला, एक लाकडी पाळणा टांगलेला आहे. रिकामा. पाहुण्यांनी फोटो खुशाल काढावेत, पण त्याला हात लावू नये. रिकामा पाळणा हलवत नाहीत, एवढं तर शहरातही माहीत असेल.

पाळणा कुणाच्या बाळाचा, असं विचाराल तर करवळवाडीत सांगतात की बाळ अजून सापडायचं आहे. पाहुण्यांना ती चेष्टा वाटते. ती चेष्टा नाही, आणि ते कळायला आकूबाईची गोष्ट ऐकावी लागते.

फार मागे हा डोंगर दोन्ही अंगांनी सारखाच दाट होता म्हणे. राईच्या पोटातून पाणजाईचा झरा निघे आणि सगळी वाडी त्यावर जगे. पाणजाई म्हणजे झऱ्याच्या वरची शेंदूर लावलेली शिळा. तिच्यापुढे गावाने एक शपथ घेतलेली होती. कधीकाळी इथल्या दोन भावक्यांत असं वैर माजलं होतं की पाळण्यातली पोरंही सुटत नव्हती. शेवटी रडून रडून शहाणपण आलं आणि ठरलं, की पाणजाईपुढे ज्याचं बारसं झालं त्याच्यावर पंचक्रोशीत कुणी हत्यार उचलायचं नाही. जो उचलेल, त्याचं स्वतःचं बारसंही फुकट गेलं असं समजायचं, म्हणजे मग त्यालाही कुणाची राखण नाही. ही शपथ कुणी मोडल्याचं ऐकिवात नाही.

आकूबाई याच वाडीतली लेक, वरच्या आळीतून खालच्या आळीत दिलेली. तिला मूल नव्हतं. माहेरी एकच धाकटा भाऊ, सटवा. कोळसा पाडणारा त्याच्या तोडीचा दुसरा नव्हता. कुठलं लाकूड कसं जळतं आणि कुठलं नुसतंच धुमसतं, हे तो धुराच्या वासावरून ओळखायचा. बऱ्याच वर्षांनी सटवाच्या घरी पाळणा हलायची वेळ आली, मुलगा झाला, आणि आकूबाईला आभाळ ठेंगणं झालं. बारशाला नाव ठेवायचा मान आत्याचा. भाऊ बाळाला आपल्या हातांनी पाळण्यात ठेवतो, आत्या वाकून कानात नाव सांगते, आणि मागच्या बायका तिच्या पाठीत बुक्क्या घालतात, ही रीत तुमच्याकडेही असेल. आकूबाईने नाव ठरवलं होतं. ते आधी कुणाला सांगायचं नसतं म्हणून तिने नवऱ्यालाही सांगितलं नाही.

बाळ बाराव्या दिवसापर्यंत राहिलं नाही.

पाळणा माळ्यावर गेला. नाव आकूबाईच्या पोटातच राहिलं. ती कामं करी, जेवी, हसेही, पण ते नाव तिला आतून टोचत राही. सटवाचं मात्र सगळंच उलटं झालं. तो बोलायचा थांबला आणि झाडांमागे लागला. त्याच सुमाराला वतनदाराने लोखंड गाळायच्या भट्ट्या घातल्या होत्या आणि त्यांना कोळसा कितीही पाडला तरी कमीच पडत होता. सटवा तोडत सुटला. डोंगराचं खालचं अंग दोन-तीन हंगामांत बोडकं झालं. झऱ्याची धार बारीक होत होत करंगळीएवढी झाली, आणि चैत्रात बायका घागर लावून ताटकळू लागल्या. पंच त्याला समजवायला गेले. सटवाने भट्टीवरून नजरही काढली नाही.

"माझ्यामागं कोण प्यायचं हाय ते पानी?" तो म्हणाला.

पंच तसेच परत आले.

आकूबाईला ते वाक्य जिव्हारी लागलं. तिने भावजयीकडून माळ्यावरचा पाळणा मागून घेतला, डोक्यावर ठेवला आणि झऱ्यावर नेऊन पाणजाईसमोरच्या जांभळीच्या फांदीला बांधला. मग ती एकेका झाडाचं रोप आणून पाळण्यात ठेवू लागली, पाळणा म्हणू लागली आणि नावं ठेवू लागली. आयनाला ठेवलं, किंजळाला ठेवलं, अंजनीला ठेवलं. बायकांना आधी वाटलं, आकूचं डोकं फिरलं. वतनदाराचा कारभारी तर हसत म्हणाला, की आयनाला आयन म्हणतातच, नाव आहेच की.

"व्हय, आनि तुमास्नी मानूस म्हनत्यात," आकूबाई म्हणाली. "मग तुमच्या आत्यानं कशाला येगळं नाव ठेवलं?"

बायकांना हे पटलं. पाणजाईपुढे नाव मिळालं की राईतल्या त्या जातीवर कुऱ्हाड उचलता येणार नाही, हेही त्यांच्या ध्यानात आलं. त्या घुगऱ्या शिजवून आणू लागल्या. कुणी वेल आणी, कुणी नेचा, कुणी दगडावरचं शेवाळ. राईत इतकी तऱ्हेतऱ्हेची लेकरं आहेत हे तोवर कुणी नीट पाहिलंच नव्हतं म्हणे. आकूबाईची पाठ बुक्क्यांनी काळीनिळी झाली, पण तिचा चेहरा उजळला होता.

पण कारभारी काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. त्याने पंचांपुढे एकच मुद्दा मांडला. आत्या भावाच्या लेकरांना नाव ठेवते. भाऊ लेकरू पाळण्यात घालतो, तेव्हाच बारसं होतं. इथे भाऊ कुठे आहे? सटवाला बोलावून विचारलं. तो मान खाली घालून म्हणाला, ही माझी पोरं नव्हेत. झालं. सगळी बारशी फोल ठरली, आणि वतनदाराचा हुकूम आला, की भाद्रपदात उघडीप पडली की झऱ्यावरची राईही घ्यायची. ती गेली की झरा गेला, आणि झरा गेला की वाडीने बिऱ्हाड उचलायचं, हे पोरासोरांनाही कळत होतं.

उघडीप पडली. सटवा कुऱ्हाड घेऊन चढला. त्याच्या मागे तोडणारे, त्यांच्या मागे कारभारी, आणि सगळ्यांच्या मागे वाडीतल्या बायका. आकूबाई आधीच जांभळीच्या बुंध्याशी बसलेली होती. भांडायचं म्हणून नव्हे, तिला दुसरीकडे कुठे जावंसंच वाटेना.

सटवाने बुंध्यावर हात फिरवला, कुऱ्हाड कुठे बसवायची ते पाहिलं, आणि थांबला. जांभळीच्या खालच्या धुमाऱ्याला एक दोऱ्यासारखा वेल वेढे घालून चढला होता. पानांच्या बगलेत लहानलहान कंदिलासारखी फुलं लोंबत होती, खाली पिवळी, वर जांभळट. त्याने पान चुरगाळून हुंगलं. बोटांनी माती उकरून खालचा कंद पाहिला. या डोंगरावरची काडी न् काडी त्याच्या हातांखालून गेली होती. हे त्याने कधी पाहिलं नव्हतं.

"आका, हे काय गं?" पुष्कळ दिवसांनी तो बहिणीशी बोलला.

"ठावं न्हाई."

मागच्या तोडणाऱ्यांना विचारलं. त्यांनीही माना हलवल्या. गुरं घेऊन रानोमाळ हिंडणारा एक म्हातारा धनगर तिथे होता, त्यानेही नाही म्हटलं. सटवा तसाच कुऱ्हाड धरून उभा. तेव्हा आकूबाई, कुणावर रागावल्यासारखं नाही, अगदी हळू म्हणाली,

"ह्यालाबी बिननावाचंच धाडायचं का रं, सटवा?"

सटवाने कुऱ्हाड खाली ठेवली आणि तो तिथेच बसला. तो रडला, आणि त्याचा तो हुंदका खालच्या आळीपर्यंत ऐकू गेला म्हणे. बाळ गेलं तेव्हा त्याच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. मग त्याने वेलाचा शेंडा मुळापासून न तोडता अलगद सोडवला, पाळणा ओढून जवळ घेतला आणि तो शेंडा आपल्या हातांनी पाळण्यात ठेवला. आकूबाई वाकली. पोटात ठेवलेलं ते नाव तिने आधी वेलाच्या कानात सांगितलं आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं उच्चारलं.

"गुणाजी."

आपल्या मुलाचं नाव सटवाने तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. बायकांनी रीतीप्रमाणे बुक्क्या घातल्या. आकूबाईचे डोळे वाहत होते, पण बुक्क्या जोरात बसल्या असं ती पुढे जन्मभर सांगत राहिली.

सटवा उठला आणि कारभाऱ्याला म्हणाला, हा माझा. आणि हिनं आजवर नावं ठेवली ती समदी माझी. कारभारी हा निरोप घेऊन वतनदाराकडे गेला. वतनदार संतापला खरा, पण त्याचं स्वतःचं बारसं याच पाणजाईपुढे झालेलं. शपथ मोडायची तर आपल्याच मानेवरची राखण घालवायची, आणि त्याचे वैरी काही थोडे नव्हते. त्याने भट्ट्या खिंडीपलीकडे नेल्या. पलीकडच्या झाडांना आत्या नव्हती, म्हणून ते अंग असं उघडं पडलं.

अलीकडचं अंग मात्र सटवाने राखलं. बोडक्या उतारावर त्याने गुरं फिरकू दिली नाहीत, वणवा येऊ दिला नाही. खोडांना धुमारे फुटले, पाखरांनी बिया आणल्या. अनोळखी कोंब दिसला की तो बहिणीला हाक मारी. पाळणा त्यांनी राईच्या शेवटच्या झाडाला बांधायची रीत घातली. राई पुढे सरकली की पाळणाही पुढे.

आजही भाद्रपदात तसंच चालतं. मागे वनस्पतींच्या अभ्यासक बाई आल्या होत्या. कातळावरचं एक बोटभर फूल पाहून त्या म्हणाल्या, हे अजून कुठल्याच पुस्तकात नाही. त्यांना पुस्तकातलं नाव ठेवायला कुणाची ना नव्हती, पण आधी घुगऱ्या शिजल्या, बाईंना आत्या केलं आणि गावच्या बायकांनी त्यांच्या पाठीवर सगळी हौस फेडून घेतली. पाळणा आज खिंडीत आहे. पलीकडच्या उघड्या अंगावर गेल्या वर्षी किंजळाची रोपं दिसली आहेत, तेव्हा तो लवकरच खिंड ओलांडणार यात वाडीला शंका नाही.

गुणाजी पावसाळ्यात वर येतो आणि हिवाळ्यात दिसेनासा होतो. चैत्रात त्या जागी नुसती कोरडी माती असते. पण आजही झऱ्यावर घागर भरायला जो कुणी येतो, तो आधी एक ओंजळ त्या मातीवर ओततो. "पी, गुणाजी," असं म्हणतो, आणि मग घागर लावतो.