ओल्या लोकरीचे वजन

एकदा एका शिष्याने वजनकाटा दाखवून आपल्या गुरूला गप्प केले. निदान त्याला तसे वाटले.

गुरू म्हणजे घोंगडी विणणारा एक म्हातारा. शिष्य मायाप्पा त्याच्याच मागावर शिकला. पुढे मायाप्पाची मूत्रपिंडे निकामी झाली. दवाखाना जवळ हवा म्हणून तो तालुक्याच्या गावी खोली घेऊन राहिला. त्याच्या पोटात नळी बसवली होती. दिवसातून चार वेळा औषधी पाण्याची पिशवी पोटात सोडायची. काही तासांनी ते, अंगातला मळ आणि जादा पाणी यांसकट, बाहेर काढायचे. त्या वेळी धूळ चालत नाही. दार लावायचे, खिडकी लावायची, पंखा बंद. बायको होती तोवर काम झाले की ती दार उघडत असे. ती वारली, आणि दार लावलेलेच राहू लागले.

"ह्या पाण्याबरोबर अंगातला कसही जातो. रोज अंडी खा," असे डॉक्टरांनी बजावले होते. पण एकट्यासाठी गॅस कशाला पेटवायचा? मायाप्पा चहात खारी बुडवून दिवस काढी.

म्हातारा एसटीने आला. दार तीनदा वाजवावे लागले.

"तीन महिनं दवाखान्यात गेला न्हाईस म्हणं?"

"जाऊन काय करू, तात्या? हे बघा." मायाप्पा काट्यावर उभा राहिला. "बासष्ट. आजारी पडायच्या आधीबी बासष्टच. मांस गेलं असतं तर काटा उतरला नसता?"

म्हातारा काटा सोडून त्याच्या अंगाकडेच बघत होता. मायाप्पाच्या दंडातले चांदीचे कडे कोपरापर्यंत घसरले होते. चप्पल मात्र पायात जात नव्हती. आडवे झाले की दम लागे, म्हणून तो भिंतीला टेकून झोपे.

म्हाताऱ्याने पिशवीतून लोकर काढली.

"ही कशाला?"

"तुझ्या उशीला आणली हुती. तोल."

पाण्याच्या पिशव्या तोलायचा टांगता काटा होता. लोकर दोन किलो भरली. म्हाताऱ्याने निम्मी बाजूला टाकली, उरलेली बादलीत बुडवली, जरा निथळू दिली आणि पुन्हा काट्याला लावली. दोन किलो.

"विण घोंगडं."

"चेष्टा करता व्हय? निम्मी लोकर तर खाली पडलीय. ह्यात नुसतं पाणी."

"काट्याला इचार. तो दोनच म्हंतोय."

मग म्हाताऱ्याने वाकून शिष्याच्या नडगीवर अंगठा दाबला. अंगठा उचलला, तरी खळगा तसाच राहिला.

"बाजारात ओली लोकर आणणाऱ्या किती जणांना तू हाकललंस? काट्याकडं बघायच्या आधी लोकर मुठीत आवळायचास. ती पहिली अक्कल मी दिली. सोताच्या अंगाला तेवढी मूठ आवळली न्हाईस. मांस गेलं, त्या जागी पाणी भरलं. काटा खरंच बोलला. वजन कशाचं, ते तू इचारलं न्हाईस."

मायाप्पा खाली बसला.

"पाण्याच्या नोंदीची वही आण."

वहीत दररोजची नोंद होती. दीड महिना, जेवढे पाणी पोटात सोडले त्याहून कमीच बाहेर आले होते. अक्षर मायाप्पाचेच.

"हे कुणाला दावलंस?"

"दावायला हाय कोण, तात्या?"

म्हाताऱ्याने वही मिटली. त्याच्याही घरी दोन वर्षे माग बंद होता; विणलेले दाखवायला कोणी उरले नव्हते. "रिक्षा बोलव," एवढेच तो म्हणाला.

दवाखान्यात औषधी पाणी बदलून दिले. अंगातले पाणी हळूहळू उतरले. महिन्याभरात काटा चोपन्नावर आला. मायाप्पाने गावी फोन लावला.

"आठ किलो गेलं, तात्या."

"गेलं ते कवाच गेलं हुतं. तुला आज कळलं. आता हितनं विणायला घे."

फोन बंद झाला.

मायाप्पाने कडे दंडातून काढून कोनाड्यात ठेवले. दुपारची पिशवी आटोपली. दोन अंडी उकडली. दार उघडून तो उंबऱ्यावर बसला आणि सावकाश जेवला. बोळात कोणी नव्हते, कोणी आलेही नाही. तरी संध्याकाळच्या पिशवीपर्यंत त्याने दार लावले नाही.