रेवलीची पाटी

समुद्र खारट व्हायच्या आधीची गोष्ट. किनाऱ्यावर खेकड्यांची शाळा भरायची. वाळू चघळून पोट भरायचं आणि उरलेल्या वाळूच्या गोळ्या करून मागे फेकून द्यायच्या, एवढंच तिथे शिकवत.

रेवली नावाची एक छोटी खेकडी मात्र गोळ्या फेकत नसे. ती त्यांची फुलं मांडायची, वेली मांडायची.

"यानं पोट भरणार आहे का?" गुरुजी एकदा कडाडले. "आधी बीळ खण. नक्षी म्हातारपणी कर!"

"पोट भरल्यावरच गोळ्या उरतात, गुरुजी. त्या कुठे ठेवायच्या ते मी ठरवीन."

"मग बघच!" म्हणून गुरुजींनी समुद्राकडे नांगी उगारली. भरती येत होती. सगळे बिळांत शिरले. ओहोटीला बाहेर आले, तर वाळूवर एकही फूल उरलं नव्हतं.

अख्खा वर्ग खिदळला. "गेली गं तुझी कला! आता तरी सुधारशील?"

रेवलीने ओल्या, गुळगुळीत वाळूवर पहिली गोळी ठेवली.

"तुमच्या शाळेत ज्याची पाटी त्यानेच पुसायची. माझी पाटी अख्खा समुद्र येऊन पुसतो. आता जरा बाजूला सरका, गुरुजी. तुम्ही माझ्या फुलावर उभे आहात."