सावळाईचं अंगण

“चोर कुणाला म्हणतोस रे?” असं विचारून सावळाईनं केरसुणी काखेत मारली आणि ती थेट सूर्यराजाच्या वाटेत उभी राहिली.

भांडण केव्हाचं चाललं होतं, बरं का. ही सावळाई राहायची पार आभाळाच्या पलीकडे. ढग संपले, वारा संपला, की तिचं अंगण लागायचं. केवढं अंगण म्हणता? त्याला कुंपणच नव्हतं. आणि म्हातारी अशी खट, की धुळीचा कण टिकू द्यायची नाही. दिसला कण की झाडला. सडा नाही, रांगोळी नाही, तुळससुद्धा नाही. नुसतं स्वच्छ, मोकळं आणि काळंभोर.

त्या काळेपणावरूनच राजाचं बिनसलं होतं. त्याचं म्हणणं असं, की माझा उजेड तुझ्याच अंगणातून खाली जातो. खाली पृथ्वीवर पोचला की आभाळ कसं निळं झळझळतं. मग तुझ्याच दारात अंधार का? मधल्या मधे तूच उजेड लांबवतेस. तो परत कर, नाहीतर अंगण सोड.

आता अंगण सोडून म्हातारी जाणार कुठे? पण ती रडली नाही, हात जोडले नाहीत. म्हणाली, घे झडती.

मग राजानं किरणांना झडतीला धाडलं. त्यांनी रांजण उपडे केले, उतरंड खाली काढली, गोधड्या झटकल्या. उजेड काही सापडला नाही. मग राजा म्हणाला, हिनं गिळला असेल. सावळाईनं आ करून दाखवला. आत दोन दात होते, तेही हलणारे. किरणांना हसू आवरेना. राजा आणखीच चिडला.

मग सावळाईनं काय केलं, तर त्या काळ्या, रिकाम्या अंगणात नुसता आपला हात पुढे धरला. आणि हात असा लख्ख उजळला, की गोंदणाचा ठिपका न् ठिपका दिसावा.

ती म्हणाली, “उजेड इथंच आहे, राजा. मघापासून तुझ्या नाकासमोरून चाललाय. त्याला टेकायला काही नाही, म्हणून तो दिसत नाही.” खाली हवा आहे, धूळ आहे. त्यांना धडकून उजेड चहूकडे सांडतो, म्हणून आभाळ उजळतं. आपल्या अंगणात तो सांडत नाही, सरळ पुढे निघून जातो, असं तिनं त्याला समजावलं.

दुसऱ्या कुणी माफी मागितली असती. पण राजेलोक चुकले की हुकूम सोडतात. हा म्हणाला, मग टाका इथं धूळ. माझा उजेड जातो, तर तो दिसलाच पाहिजे. येणाऱ्याजाणाऱ्यानं मान वर करून बघितलं पाहिजे.

मग धुळीची पोती आली. सावळाई अडवत होती, तरी राजानं एक पोतं सोडलंच. ती धूळ अशी पेटली, जसा सोन्याचा भुगा. सगळं अंगण झगमगलं. राजा खूश. किरणांनी टाळ्या पिटल्या.

सावळाई मात्र डोळ्यांवर हात धरून त्या धुळीच्या पलीकडे बघायला लागली. पलीकडे, फार लांब, तिच्या लेकी दिलेल्या होत्या. इतक्या लांब, की माहेरी येणं नाही, निरोप नाही. म्हणून प्रत्येकीनं आपल्या दारात एक दिवा लावून ठेवायचा, अशी त्यांच्यात रीत. दिवा दिसला की आईनं समजायचं, लेक बरी आहे. त्या दिव्यांनाच आपण चांदण्या म्हणतो. ते मिणमिणते दिवे त्या झगमगाटात पार बुडाले. एकही दिसेना.

राजाला वाटलं, आता म्हातारी पाय धरेल. म्हातारीनं पदर खोचला आणि झाडायला घेतलं. राजाच्या देखत, राजाच्या अंगावर धूळ उडवत. मग राजा तापला. त्यानं तिच्यावर ऊन ओतलं. तिची पाठ करपून काळीठिक्कर पडली, पण ती वाकलेलीच राहिली, झाडतच राहिली. शेवटचा कण गेला, तसा लांबवर एक दिवा दिसला. मग दुसरा. मग कितीतरी.

राजानं पुन्हा पोत्याला हात घातला. तेव्हा सावळाई पाठ ताठ करून वळली आणि एकच वाक्य बोलली. राजानं पोतं खाली ठेवलं.

तेव्हापासून तो मुकाट्यानं तिच्या दारावरून जातो. अंगण तिचंच आहे, लेकी आपापल्या घरी सुखात आहेत, आणि आता तुम्हीही पांघरुणात शिरा नि डोळे मिटा.

काय म्हणाली ते ऐकल्याशिवाय झोपणार नाही म्हणता? मग ऐका. ती म्हणाली, “स्वतःलाच बघायची हौस असेल तर घरी जाऊन आरशापुढं बस, राजा, हे अंगण मी माझ्या लेकी दिसाव्यात म्हणून काळं ठेवलंय, आणि काळंच ठेवणार.”