रताळ्याचा खड्डा

बांधाकडेचा हा जो खड्डा बघताय, त्याला आमच्या गावात रताळ्याचा खड्डा म्हणतात. फोटो खुशाल काढा, पण काठावरच्या त्या वेलाला हात लावू नका. माझ्या सत्तर वर्षांत त्याला कुणी पाणी घातलेलं मी पाहिलं नाही, आणि भर वैशाखातही तो सुकलेला पाहिला नाही.

फार पूर्वी इथं हणमाजी माळी राहायचा, असं सांगतात. चंद्र बघून मळा करावा तर त्यानंच. वर वाढेल ते चढत्या चंद्रात लावायचं, जमिनीखाली पोसेल ते उतरत्या चंद्रात, हा त्याचा नेम. कोणत्या नक्षत्रावर मेथी टाकावी आणि कोणत्या नक्षत्रावर लसूण, हे विचारायला लांबून लोक यायचे. पण एका वर्षी पाऊस आलाच नाही. विहीर आटली, निम्मं गाव उठून गेलं. हणमाजीची बायको जनाई पाच महिन्यांची गरवार होती. आधीची दोन लेकरं गेलेली. तिला घेऊन उन्हातान्हात परमुलखाला निघायची त्याची छाती होईना.

तेव्हा त्यानं मनाशी ठरवलं. मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येला चंद्र पार उतरलेला, त्यातून त्या वर्षी तो मूळ नक्षत्रात. त्या दिवशी रताळ्याचे वेल लावले तर मुळं पाण्यापर्यंत जातीलच. आता, वेळ अमावस्येला आमच्याकडं काळ्या आईची ओटी भरतात. त्या दिवशी ती गरवार असते, तिच्यात लोखंड घालत नाहीत, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. जनाईनं त्याचे पाय धरले म्हणे. "मी पोटुशी हाय, ती बी पोटुशी हाय. आजच्या दिवस कुदळ ठिवा." त्यानं ऐकलं नाही. शहाण्याला कोण शिकवणार?

वेल असे माजले की बघत राहावं. चैत्रात त्यानं खणायला घेतलं, तर रताळं एकही नाही. नुसतं एक मूळ, मनगटाएवढं, सरळ खाली गेलेलं. तो मुळामागं खणत गेला. गुडघाभर, कमरेएवढं, मग त्याचं डोकंही दिसेना. रोज तिन्हीसांजेला जनाई काठावर येऊन म्हणायची, "वर या." खालून उत्तर यायचं, "अजून हातभर." माती ओली लागत होती, त्याला सोडवेना.

नवव्या दिवशी जनाईला कळा सुरू झाल्या. तशीच ती काठावर आली आणि हाक मारली. "अजून हातभर," आवाज फार खोलातून आला. शेजाऱ्यांनी गावातले सगळे दोर एकाला एक बांधून सोडले, तरी तळ लागला नाही. पोर तिथंच काठावर झालं, आणि जगलं. त्याच घटकेला खाली पाणी वाजलं म्हणतात. हणमाजी काही वर आला नाही. पाणी अजून आहे, पण गावात ते कुणी प्यायलेलं नाही.

आजही वेळ अमावस्येला आमच्या शिवारात कुदळ घराबाहेर निघत नाही. हणमाजीच्या घरची थोरली सून आंबिलीचं बिंदगं, म्हणजे छोटं मडकं, काठावर ठेवते, "वर या" म्हणते आणि उत्तर यायच्या आत पाठ फिरवते. मी त्याच घरचा. दोन वर्षांमागं आमच्या सुनेला वळायला अंमळ उशीर झाला. काय ऐकलं ते तिनं कुणाला सांगितलं नाही. पण तेव्हापासून मी मळ्यात खणायला लागलो की ती घडीघडी येऊन हाक मारते, आणि मी अर्धा वाफा तसाच टाकून उठतो. अजून थोडं राहिलंय, असं मी तिला कधी म्हणत नाही.