एकशेअठरा अंश

"आन् ही दांडी कदी चुकत न्हाई?" दौलूतात्यांनी विचारलं.

"नाही," प्राध्यापक निरंजन कुलथे हातातली तापमापी दाखवत म्हणाले. "एकशेअठरा अंश झाले की गूळ तयार. जगात कुठंही."

पंचक्रोशीतल्या गुऱ्हाळांत तात्यांसारखा गुळव्या नव्हता. उसाचा उकळता रस चुलवाणावरून कधी उतरवायचा, हे ते नुसतं बघून सांगत. निरंजन कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत आणि जे मोजता येत नाही त्याला ज्ञान मानत नसत. तात्यांची विद्या आकड्यांत पकडायची म्हणून रजा टाकून आठ दिवस काहील, म्हणजे रसाची भली मोठी कढई, घासत होते.

आज तात्यांनी काहील त्यांच्यावर सोपवली होती. उतरवायची वेळ निरंजनांनी सांगायची. जमलं तर शिष्य, नाहीतर करपलेला गूळ घेऊन घरी.

रस रटरटत होता. निरंजन पोलादी तापमापीच्या आकड्याला डोळे लावून बसले होते. एकशेसोळा. आकडा रुसलेल्या जावयासारखा तिथंच अडून बसला होता.

चार गडी काहिलीपाशी ताटकळले होते. तात्यांनी पाण्यात थोडा पाक टाकला, त्याची गोळी केली आणि ताटलीवर आपटली.

टण्ण.

गोळी अशी वाजली की पाक झाला, असं तात्या नेहमी म्हणत. निरंजनांनी पुन्हा आकड्याकडे पाहिलं.

"अजून दोन अंश..." ते म्हणाले. आवाजात जीव नव्हता.

"दांडी तपासली हुती?"

"हो. उकळत्या पाण्यात घालून."

"पानी उकाळलं, हे तिनं सांगितलं?"

"नाही. बुडबुडे दिसले."

"कुनाला?"

"मला..."



निरंजनांनी आठ दिवसांत पहिल्यांदाच काहिलीत नीट पाहिलं. फेस खाली बसला होता, पाक मधाच्या रंगावर आला होता आणि कडेला किंचित काळपट होऊ लागला होता. त्यांना भयंकर भीती वाटली.

"उतरवा," ते म्हणाले.

गड्यांनी काहील उचलून पाक थंड करायच्या वाफ्यात ओतला. घटकाभरात गूळ धरू लागला, सोन्यासारखा पिवळा. निरंजनांना रडू फुटायचंच बाकी होतं. मग त्यांचं लक्ष स्वतःच्या रिकाम्या हातांकडे गेलं.

"तात्या... तापमापी आतच राहिली."

तात्यांनी वाफ्यात डोकावून पाहिलं.

"असू दे. तिलाबी कळू दे, गूळ म्हंजे काय. उद्यापासनं दोघंबी या."