मथुराकाकी आणि मशीनचं टोपडं

शेवरीच्या जुव्याला पूल नव्हता, वीज नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. जुवा म्हणजे खाडीतलं बेट. त्या बेटावर चाळीस घरं होती. बाजार, शाळा, दवाखाना सगळं पलीकडच्या काठाला, आणि पलीकडे जायला वल्ह्यांशिवाय काही नव्हतं.

बेटावर मथुरा चोडणेकर नावाची बाई राहायची. लहानथोर तिला मथुराकाकी म्हणत. तिचा नवरा धाकू भर ओहोटीत होडी उलटून गेला, आणि त्या दिवसापासून तिनं होडीत पाऊल ठेवलं नाही. अठरा वर्षं ती बेटाबाहेर गेली नव्हती. उकड्या तांदळासाठी घरोघरचं भात सालासकट उकडून द्यायचं, हे तिचं काम. अंगणात तांब्याचा भला मोठा हंडा, खाली चूल. दाणा किती उकडला ते ती अंगठ्यानं दाबून सांगायची. तो अंगठा कधी चुकला नाही, असं म्हणतात.

मग एका वर्षी, माणसांना पलीकडे नेणाऱ्या लवू तांडेलानं आपल्या होडीला मशीन बसवलं. मागच्या फळीला अडकवायचं आणि दोरी ओढून सुरू करायचं. त्याच्या डोक्यावर प्लास्टिकचं झाकण होतं, त्याला बेटावरचे लोक टोपडं म्हणू लागले. मशीन आलं आणि ओहोटीची भीती गेली. पण वैशाखात एकदा लवूनं टोपडं काढून तापलेल्या कातळावर ठेवलं आणि तो जेवायला गेला. परत येऊन बघतो तर टोपडं एका अंगानं पापडासारखं वाकलेलं. ते मशीनवर बसेना, चार बोटांची फट राहायची. उन्हाळ्यात पाणी शांत, म्हणून चालून गेलं. पावसाळ्यात खाडी उसळू लागली, तसं फटीतून पाणी आत जायचं आणि मशीन मध्येच गप्प व्हायचं. लवूनं गोणपाट बांधून पाहिलं, डांबर फासून पाहिलं. बंदरावरचा मिस्त्री म्हणाला, नवीन मागवावं लागेल, यायला दिवाळी उजाडेल.

त्याच श्रावणात बेटावर पटकी शिरली. दोन दिवसांत अकरा माणसं आडवी झाली. डॉक्टर पलीकडे, औषध पलीकडे, आणि खाडीला डोंगरातला लोंढा आलेला. वल्ह्यांचं तिथं काही चालणार नव्हतं. लवू मशीन लावून निघाला. निम्म्या वाटेवर मशीन बंद पडलं आणि होडी समुद्राच्या तोंडाकडे वाहत सुटली. नशिबानं ती एका खडकाला अडली. काठावरच्या लोकांनी दोर टाकून तिला परत ओढली.

मथुराकाकीनं हे अंगणातून पाहिलं. त्या दिवशी उघडीप होती, म्हणून तिनं हंडा चढवला होता. ती तशीच उठली आणि अठरा वर्षांत पहिल्यांदा धक्क्यावर उतरली.

"लवू, ता टोपडां माका दी."

"काकी, ता आता सरळ होवचां नाय. मिस्त्री म्हणता, नवीनच व्हयां."

"नवीन येयसर माणसां ऱ्हवतली?" ती म्हणाली. "ऊनान वाकलां, ता ऊनानच सरळ करूक व्हयां."

तिनं टोपडं अंगणात नेऊन हंड्याच्या तोंडावर धरलं. भाताची वाफ त्याला लागू दिली. मधूनमधून ती अंगठ्यानं दाबून बघायची आणि नाही म्हणून मान हलवायची. लोक घाई करत होते, तिनं घाई केली नाही. शेवटी अंगठा हवा तेवढा रुतला. तिनं टोपडं ओल्या गोणपाटात गुंडाळलं, धावत धक्क्यावर नेलं, गुडघाभर पाण्यात उभी राहून मशीनवर बसवलं आणि दोन्ही तळव्यांनी दाबून धरलं. फट मिटली. पण हात जरा सैल केला की कड पुन्हा वर यायची. थंड होईपर्यंत धरून ठेवायला हवं होतं, आणि तेवढ्यात ओहोटी लागणार होती.

"काकी, सोड. होडी काढूची आसा," लवू म्हणाला.

"सोडलां तर परत वाकतलां."

तिनं एकदा लोंढ्याकडे पाहिलं. मग ती म्हणाली, "माका वर घे."

अशी ती होडीत चढली. लवूनं दोरी ओढली. मथुराकाकी मशीनला कवटाळून बसली, डोळे मिटून. टोपड्यावर लाट आपटली की वाफ उठायची. पलीकडच्या लोकांना वाटलं, होडीला आग लागली आहे. धाकू गेला त्या जागी होडी आली तेव्हा लोंढा दोन्ही बाजूंना सरला आणि मधे ताटाएवढं सपाट पाणी उरलं, असं म्हणतात. लवूला मात्र कुणी विचारलं, तर तो एवढंच सांगायचा, "मी मागे बघूक नाय."

पलीकडे पोचेपर्यंत टोपडं गार झालं होतं. तिनं हात उचलले, तर तळव्यांची कातडी त्याला चिकटून राहिली. टोपडं जागचं हललं नाही. त्या दिवशी होडीनं नऊ खेपा केल्या. डॉक्टर आला, औषध आलं. अकरांपैकी एक म्हातारा आधीच गेला होता, बाकीचे दहा उठून बसले. हंड्यातलं भात जळून गेलं. त्याची भरपाई कुणी मागितली नाही, आणि ते कोणत्या घरचं होतं, हे बेटावर आजही कुणी सांगत नाही.

मथुराकाकीचे हात बरे झाले, पण तळव्यावरच्या रेषा काही परत उमटल्या नाहीत. त्यामुळे यमाला तिचं आयुष्य वाचता येईना, आणि तो दारापर्यंत येऊन दोनदा परत गेला, असं म्हणतात. ती शंभरी ओलांडून गेली. तोवर ती दर बाजाराला होडीनं जायची, आणि बसायची मागच्या फळीवरच.

आता शेवरीच्या जुव्यावर वीस-बावीस होड्या आहेत. मशीनं नवी आहेत, त्यांची टोपडी कुठल्या उन्हानं वाकत नाहीत. तरी सकाळची पहिली होडी सुटताना तांडेल आधी टोपड्यावर दोन्ही तळवे ठेवतो आणि हळूच म्हणतो, "मथुराकाकी, धर गो." होडीतले लोक तेवढा वेळ गप्प बसतात. मग तो दोरी ओढतो.