एक कमी पडतोय

"अजून कोण मरायला पायजे, बाबा? तेवढं सांगा!"

दर्ग्याच्या पायरीवर पाय आपटूनच म्या इचारलं.

पीरसाब बाबा आमच्या फाट्यावरचे फकीर. माझा राग जावा म्हणून त्यांनीच मला ताईत दिलता. तो कवाच तुटला.

लिंबाच्या झाडाखाली चटई टाकून बाबा भाकरीसंगं कांदा फोडत हुते.

"रस्त्याच्या कचेरीतला साहेब काय म्हणला, सर्ज्या?"

"म्हणला, गतिरोधकाला निधी आलाय. रस्त्यावरची माणसं वाचावी म्हणूनच आलाय. पर जिथं लई मरत्यात, तिथं आधी. तुमच्या फाट्यावर एक कमी पडतोय, म्हणला."

"एक काय?"

"मढं!"

बाबांनी भाकरी फडक्यात गुंडाळली.

"आनंदाला मोजणीत धरलं का त्यांनी?"

आनंदा माझा धाकटा भाऊ. ह्याच फाट्यावर डंपरनं उडिवला.

"न्हाई धरलं. रस्त्यावर मेला असता तर धरला असता. दवाखान्यात मेला, त्यो धरत न्हाईत म्हणं... म्या मांडीवर घिऊन जीपनं न्हेला त्याला, बाबा. सगळी जीप रगतानं भिजली. आता वाटतंय, कशाला नेला? हितंच पडू द्यायचा हुता."



रस्त्यानं तीन-चार डंपर गेले. भुई हादरली.

"मग तू काय केलंस कचेरीत?"

"टेबल उलटं केलं साहेबाचं!"

"घावला का गतिरोधक टेबलाखाली?"

माझं टाळकंच फिरलं.

"थट्टा नगा करू! हिकडं घर, तिकडं शाळा, मधी ही डंपरं. माझ्या पमीला आनंदा हात धरून पलीकडं न्ह्यायचा. आता मी भट्टीवर, तिची आई दुसऱ्याच्या रानात. पोरगी एकटी पळती आडवी. रोज भट्टीवर कान हिकडंच आसत्यात माझं. बिरेक वाजला की हातातली वीट तशीच ऱ्हाती..."

बाबांनी कांद्याची सालं गोळा केली.

"आन तुमी! जलमभर दुवा वाटलीसा. तुमच्या दुवंनं एक लाल दिवा लागंना फाट्यावर? मग चुलीत घाला ती दुवा!"

बाबांनी वर आभाळाकडं बघितलं. मग म्हणलं,

"ती बी वरच्या कचेरीतच जाती, लेकरा. तिथं बी काय नियम आसंल..."

आन उठले. गुडघं कटाकटा वाजलं. चटईची वळकटी काखंत मारली आन निघाले.

मला वाटलं, बोलून दुखावलं म्हाताऱ्याला. चाललं आता दर्गा सोडून.

बाबा डांबरापतुर गेले. जिथं आनंदा पडला हुता, तिथं चटई हातरली. निम्मी मातीत, निम्मी रस्त्यावर. आन येणाऱ्या गाड्यांकडं तोंड करून बसले.

डंपर आला. कचकन बिरेक. डायवरनं मुंडी भायेर काढली.

"ए म्हाताऱ्या! मरायचंय व्हय रं?"

डंपर कडंनं हळूच पुढं गेला. बाबा माझ्याकडं वळून हसले.

"बघ. ह्यो इचारतो तरी."

म्या धावत जाऊन त्यांचा दंड धरला.

"उठा! येड लागलं का? मेलासा म्हंजी?"

"मेलो तर दवाखान्यात नगो नेऊस."

म्या वढलं. सागवानी टेबल उलटं करणारा मी... त्यो काडीसारखा म्हातारा तसूभर हलंना.

मागनं दुसरा डंपर आला. लांबूनच भोंगा मारला. हळू झाला. गेला.

माझ्या डोळ्याला पाणी आलं. राग हुता का दुसरं काय, मला कळलं न्हाई.

"पाया पडतो, बाबा... उठा. मी जातो परत कचेरीत. हात जोडतो साहेबाला. पर तुमी उठा."

बाबांनी माझा हात दंडावरनं सोडवला.

"पमीची शाळा सुटायची येळ झाली. बाजूला हो, सर्ज्या. गाडीवाल्यांना मी दिसलो पायजे."